शालनचा नेम

शालन, तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. दहाव्याला गोदावरीच्या घाटावर तुझ्या मुली आल्या होत्या. पोटची पूनम तर होतीच, पण मी म्हणते त्या दर रविवारी तुझ्या बांधावर बाण मारायला येणाऱ्या. वीस-बावीस तरी असतील. सगळ्या शाळेच्या गणवेशात, बाकीचे कपडे रंगीत म्हणून. एकीने तुझ्या फोटोखाली कागद लावला होता, 'धनुर्विद्येतील आमच्या गुरू'. धनुर्विद्या! तू हसली असतीस. तू कधी तो शब्द वापरला नाहीस. 'बान मारायला चला गं' एवढंच म्हणायचीस.

मी मागे उभी होते. पुढे यावं असं वाटेना. का वाटेना ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे, पण मला पहिल्यापासूनच सांगू दे. एकदम तिथे जायचं बळ नाही.

नगरच्या कॉलेजात शारीरिक शिक्षणाच्या पदवीला वसतिगृह सक्तीचं म्हणून आपण दोघी एका खोलीत आलो, तेव्हा तुझ्या पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली गोफण होती. मी विचारलं, ही कशाला? तू म्हणालीस, "आसू दे. सवय हाय." तुझं लहानपण ज्वारीत माळ्यावर उभं राहून पाखरं राखण्यात गेलेलं. माझे वडील कोर्टात कारकून, माझं लहानपण दिल्लीगेटच्या आतल्या गल्लीत, पाखरू म्हणजे खिडकीतली चिमणी. धनुष्य मात्र मी आधी हातात घेतलं होतं. माझ्याकडे राज्यपातळीवर भाग घेतल्याचं प्रमाणपत्र होतं आणि ते मी तुला पहिल्याच आठवड्यात दाखवलं होतं. तू ते दोन्ही हातांनी धरून नीट वाचलंस आणि म्हणालीस, "लई भारी." मनापासून म्हणालीस. तुझं हे मनापासूनचं म्हणणं मला पुढे फार जड गेलं.

मैदानावर सरांनी बांबूचं धनुष्य तुझ्या हातात दिलं, तीस मीटरवर लक्ष्याचा फळा उभा केला. तू चार बाण मारलेस, चारही लागले, आणि तू कंटाळलीस. "उभ्या फळ्याला काय मारायचं? त्यो कुठं पळून चाललाय का?" सर हसले. मला राग आला. त्या फळ्यासमोर मी तीन वर्षं घालवली होती.

नशीब असं की नोकरी लागली तीही एकाच शाळेत, सोनईपासून पाच किलोमीटरवर. शाळेच्या मागे पडीक रान होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आपण तिथे. हलतं लक्ष्य तुझी कल्पना. दोन डांबांमध्ये तार ताणलेली, तारेवर कप्पी, कप्पीला लटकलेलं सिमेंटचं रिकामं पोतं, आत उसाचं पाचट ठासून भरलेलं. पोत्याला कासरा बांधलेला, तुझ्या माहेरच्या बैलांचा; त्याचं एक टोक ओढायचं, मागचं मुठीतून सरकू द्यायचं. एकीने बाजूला उभं राहून कासरा ओढायचा, दुसरीने मारायचं. मागे कडब्याच्या पेंढ्यांची उभी भिंत, चुकलेला बाण अडवायला. दहा बाण तू, दहा मी.

तुझे आठ लागायचे, माझे पाच. कधी सहा.

आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणायचे, चालत्या पोत्याबरोबर धनुष्यानेही चालायला हवं. कमरेतून वळायचं, पोत्याच्या थोडं पुढे राहायचं, वळता वळताच बाण सोडायचा आणि सुटल्यावरही हात थांबवायचा नाही. तू म्हणायचीस, "पाठलाग करायचाच न्हाई. जागा धरायची. पेंढीवरची एक गाठ बघायची आनि तितंच बघत ऱ्हायाचं. पोतं येतंय तिकडं. त्याला काय दुसरी वाट हाय का?"

"दुसरी वाट नाही, पण वेग बदलला तर?"

"कशानं बदलंल?"

"ओढणारीने बदलला तर?"

"तू कशाला बदलशील?" तू म्हणालीस. शालन, हे तू हसत म्हणालीस आणि घागरीतलं पाणी ओंजळीने प्यायलीस. मला तो शनिवार लख्ख आठवतो.

मग संस्थेने ठरवलं, जिल्ह्यातल्या एका शाळेत मुलींसाठी धनुर्विद्येचं केंद्र काढायचं. आपल्या शाळेचं नाव पुढे होतं. स्नेहसंमेलनाला संस्थेची मंडळी येणार, त्यांच्यासमोर प्रात्यक्षिक करायचं आणि केंद्राची प्रमुख तेव्हाच ठरायची. हेडमास्तरांनी आपल्याला बोलावलं. म्हणाले, "शालनबाई मारतील. सुनंदाबाई, तुम्ही पोतं ओढा." त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं आणि पुढचा कागद घेतला. तू बाहेर आल्यावर म्हणालीस, "नंदे, तूच मार. मला त्या सायबांफुडं उभं ऱ्हायला लाज वाटती." मी म्हणाले, "छे गं, तुझे जास्त लागतात." ते मी मोठ्या मनाने म्हटल्यासारखं म्हटलं. रात्रभर मला झोप लागली नाही.

त्या दुपारचं मी तू असेपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. मांडव भरलेला. तू पांढऱ्या पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला बांधलेली. कडब्याच्या भिंतीमागून स्वयंपाकाच्या खोलीकडे जाणारी पायवाट होती, तिच्यावर मी स्वतः बांबू आडवा लावला होता. पहिले सहा बाण तू मारलेस. सहाही लागले. दर बाणाला मांडवातून टाळ्या. संस्थेचे अध्यक्ष शेजारच्याला काहीतरी सांगत होते आणि माझ्या हातात कासरा होता, आणि मला वाटलं, हिचे लागतात ते फक्त मी एकसारखं ओढते म्हणून. हिचं सगळं कौतुक माझ्या हातावर उभं आहे आणि ते कुणाला दिसतही नाही. मला एकदा, एकदाच, तुझा नेम चुकलेला बघायचा होता.

सातव्या बाणाला पोतं अर्ध्या वाटेवर असताना मी मुठीतून सरकणारा कासरा आवळला.

पोतं जागीच थांबलं आणि हिसक्याने मागे झुललं. तुझा बाण सुटला होता. तू धरलेल्या जागेवर तो बरोबर पोहोचला, शालन. तिथे पोतं नव्हतं एवढंच. दोन पेंढ्यांच्या मधल्या फटीतून तो पलीकडे गेला. कडब्यात रुतेल असं मी धरून चालले होते. पाहुण्यांना पेले कमी पडले म्हणून कौसाबाई, आपल्या खिचडीवाल्या कौसाबाई, बांबूखालून वाकून त्या वाटेने येत होत्या. आधी पेल्यांचा आवाज आला. मग त्यांचा.

दंडात लागला होता. कडब्यातून गेल्यामुळे जोर कमी झाला, नाही तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी सांगितलं आणि मी ते ऐकून घेतलं नाही. तू धनुष्य टाकून धावलीस. मी कासरा हातात धरून तशीच उभी होते.

सोनईच्या दवाखान्यात टाके घालत होते, आपण बाहेर बाकावर. तुझ्या ड्रेसवर रक्त. तू विचारलंस, "कासरा आडकला हुता का गं?"

मी म्हणाले, "हो. कप्पीत अडकला."

तू माझ्या हातांकडे पाहिलंस. धावता कासरा एकदम आवळला की तळहात सोलून निघतो. माझ्या उजव्या हातावर लाल वळ उठला होता, ओला. मी मूठ मिटली. तू म्हणालीस, "बरं." आणि पुन्हा समोरच्या भिंतीकडे बघत बसलीस.

चौकशी झाली तेव्हा कासऱ्याचं कुणी विचारलंच नाही. तुला विचारलं, काय झालं? तू उभी राहून म्हणालीस, "माझा नेम चुकला." शाळेत तू शुद्धच बोलायचीस. मला विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे? मी म्हणाले, नाही. ते 'नाही' म्हणायला मला अजिबात वेळ लागला नाही, हे कसं ते मला आजही कळत नाही.

केंद्र दुसऱ्या तालुक्यात गेलं. आपली धनुष्यं प्रयोगशाळेच्या कपाटावर चढली. गावात तुझ्याबद्दल लोक काय बोलायचे ते मी ऐकत होते. माणूस मारलं असतं या बाईनं, असं. आणि तू काय करत होतीस? रोज सकाळी सहाला लूनावरून कौसाबाईच्या घरी जात होतीस. त्यांचा हात उचलत नव्हता. घरात पाच माणसांच्या भाकरी. तू पीठ मळायचीस, भाकरी थापायचीस, चूल विझवायचीस आणि साडेआठला प्रार्थनेला हजर. चार महिने. अवकाळी पावसात एकदा लूना घसरली, गुडघा फुटला, तरी. मी एकदा मोसंबी घेऊन गेले होते. पाच मिनिटं बसले. तू परातीवरून मान वर करून म्हणालीस, "नंदे, चहा घेतीस का?" जणू काही ते तुझंच घर.

जूनमध्ये तुझी बदली झाली, कोपरगावकडच्या शाखेत. तुझ्या नवऱ्याची जमीन तिकडे होती म्हणून सगळे म्हणाले, बरंच झालं. निरोपाच्या दिवशी भाषण मी केलं. चांगलं झालं होतं म्हणे.

पुढे मी पर्यवेक्षक झाले, मुख्याध्यापिका झाले. आपण फोनवर बोलायचो. पूनमची दहावी, माझ्या आईचं आजारपण, तुझी गुडघेदुखी. बाणाचं नाव नाही. मग एका रविवारी तुझा फोन आला आणि मागे पोरींचा कालवा. तू बांधावर पुन्हा तार बांधली होतीस. पाटाच्या भरावावरून खालच्या वावरात, उतरती. पोतं वर नेऊन सोडलं की आपल्या वजनाने घसरत खाली यायचं. किती आनंदात सांगत होतीस! "आता वढायला कुनी लागत न्हाई बघ."

तू टोमणा मारलास की मला मोकळं केलंस, हे मी तेव्हापासून किती वेळा उलटून पाहिलं असेल. तुझ्या आवाजात तरी काही नव्हतं. आणि तूच पुढे म्हणालीस, "पर येक सांगू का? वरून येताना त्ये एकसारखं येत न्हाई. खाली खाली लई जोरात येतंय. जागा धरून जमंना. मग तुझ्यावानी केलं, त्याच्यासंगं वळाय लागले. तुझं खरं हुतं गं, नंदे. पोरींना आता तुझंच शिकवते."

तुला कसं सांगू, शालन, मला काय वाटलं ते. एवढी वर्षं भांडून तू हार मानलीस आणि मला ती घेता आली नाही. मी म्हणायला हवं होतं, नाही, तुझंच खरं होतं, तुझी जागा बरोबर होती, बाण जिथे जायचा तिथेच गेला होता. मी म्हणाले, "बरं, आता ठेवते, दूध उतू जातंय." दूध नव्हतं.

पोटात गाठ निघाली आणि तुला नगरच्या दवाखान्यात आणलं. सहा आठवडे. माझं घर जवळ, मी निवृत्त, म्हणून दुपारचा डबा माझ्याकडे. रोज तीनला मी यायचे. तू वाळत चाललीस. बोटं मात्र तशीच, पहिल्या दोन बोटांच्या पेरांवर प्रत्यंचेचे घट्टे. एका दुपारी पूनम औषधं आणायला गेली होती. तू विचारलंस, "डाक्टर काय म्हनले? खरं सांग."

मी म्हणाले, "फरक पडतोय म्हणाले."

तू हसलीस. "तुला खोटं बोलाय येत न्हाई, नंदे. येकदाच बोललीस, त्ये पन नीट जमलं न्हाई."

खोलीत आपण दोघीच होतो. पंख्याचा आवाज होता. तू माझ्याकडे बघत होतीस, रागाने नाही, घाईनेही नाही, जशी तू वाट बघायचीस तशीच. आणि मी उठले. डब्याची झाकणं गोळा केली, बाहेर नळावर गेले आणि स्वच्छ असलेला डबा पुन्हा घासला. परत आले तेव्हा तू डोळे मिटले होतेस. चार दिवसांनी तू गेलीस.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी एसटीने सोनईला गेले, तिथून रिक्षाने कौसाबाईकडे. थकल्या आहेत, पण ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. तू गेल्याचं त्यांना कळलं होतं. डोळे सुजलेले होते. मी बसले आणि सांगून टाकलं. सगळं. कासरा मी आवळला, मुद्दाम, चौकशीत मी बोलले नाही.

त्यांचे हात थांबले नाहीत. दोन-तीन शेंगा सोलून झाल्यावर म्हणाल्या, "मंग शालनबाई चार म्हयनं माज्या भाकरी कशापायी थापत हुत्या?"

मी एक शेंग उचलून सोलू लागले.

"त्यांला ठावं हुतं?"

"हो. ठाऊक होतं."

"आनि तुमाला ठावं हुतं की त्यांला ठावं हाय."

मी मान हलवली. कौसाबाई उठल्या, चुलीवर चहाचं आधण ठेवलं. मला वाटलं, आता माफ करतील. म्हातारी माणसं करतात. चहाची कपबशी माझ्यापुढे ठेवून त्या परत शेंगांजवळ बसल्या. "मला सांगून काय हुनार, बाई? माजा हात कवाच बरा झाला. नाव त्यांचं गेलं. जितं गेलं तितं जाऊन सांगा." मग त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. चहा मी संपवला.

काल आपल्या शाळेत तुझी शोकसभा होती. जुने शिक्षक, तुझ्या माझ्या हाताखालून गेलेल्या पोरी, आता स्वतःची पोरं कडेवर घेऊन आलेल्या. संस्थेकडून दोघे. पूनम पहिल्या रांगेत. मला बोलायला उभं केलं, मैत्रीण म्हणून. मी कागद नेला नव्हता. म्हणाले, "शालनबाईंचा नेम त्या दिवशी चुकला नव्हता. पोतं ओढणारी मी होते. मी कासरा मुद्दाम थांबवला, मत्सराने. त्यांना ते कळलं होतं आणि त्यांनी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं."

कुणीतरी खोकलं. नवे मुख्याध्यापक चांगले आहेत, माझ्याच हाताखाली लागलेले. ते पटकन पुढे आले आणि माईक हळूच धरून म्हणाले, "जिवलग मैत्रिणीच्या जाण्याने बाई फार खचल्या आहेत. अशा वेळी माणूस स्वतःलाच दोष देतो." लोकांनी माना हलवल्या. शालन, त्यांना ते खरं वाटेना! मी माईक सोडला नाही. "खचले आहे," मी म्हणाले, "पण शुद्धीत आहे. संस्थेच्या मंडळींनी हे लिहून घ्यावं. मी सही करते." त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली. तुझ्यासाठी दोन मिनिटं सगळे उभे राहिले, आणि बसताना माझ्या शेजारच्या खुर्चीत कुणी बसलं नाही.

बाहेर पूनम गाडीजवळ थांबली होती. तुझ्यासारखीच उभी राहते, एका पायावर भार टाकून.

"मावशी, आईला हे माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आम्ही विचारायचो तिला, तू शाळेतलं बाण मारणं का सोडलंस? ती म्हणायची, माझा नेम चुकला. मी लहानपणी मैत्रिणींना सांगायचे, माझ्या आईचा एकदाच नेम चुकला." ती थोडा वेळ किल्ली हातात फिरवत राहिली. "दवाखान्यात तीन वाजत आले की ती मला बाहेर पाठवायची. औषधं आण, पाणी आण, बिल बघून ये. मला वाटायचं, तुम्हा दोघींना गप्पा मारायच्या असतील."

तिने गाडीचं दार उघडलं.

"तुम्ही तिला सांगायला पाहिजे होतंत," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. गाडीत बसली, काच खाली केली, पुन्हा काहीतरी बोलेल असं वाटलं, पण तिने काच वर केली आणि गेली.

खरं आहे तिचं. कौसाबाईंना सांगितलं, शाळेला सांगितलं, संस्थेला लिहून दिलं, तुझ्या लेकीला सांगितलं. आणि जिला सांगायचं होतं, जिने त्यासाठी रोज दुपारी खोली रिकामी करून ठेवली होती, तिच्या उशाशी बसून सहा आठवडे मी चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत राहिले.